हातात काय धरायचं?

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

दुपारची भांडी आटोपून कुणी शेवया वाळत घालत असाल, कुणी गोधडीला टाके घालत असाल. हात चालू ठेवा, कान इकडे द्या. आज आम्ही चित्रांबद्दल बोलणार आहोत, आणि तेही एका खास तऱ्हेच्या चित्रांबद्दल. चित्रकाराने स्वतःच काढलेलं स्वतःचं चित्र. त्याला आत्मचित्र म्हणतात. रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, तेव्हा आम्ही सांगू तसं तुम्ही डोळ्यांपुढे आणा. कीर्तनकार नुसत्या बोलण्यातून सगळं पंढरपूर उभं करतात. तेवढं आम्हाला जमणार नाही, पण बघू.

आधी एक साधी गोष्ट. स्वतःचं चित्र काढायचं तर स्वतःला बघणार कसं? फोटो नव्हता तेव्हा एकच साधन होतं, आरसा. आणि आरशात डाव्याचं उजवं होतं. व्हॅन गॉग नावाचा हॉलंडचा चित्रकार होता. त्याने मनाच्या आजारात स्वतःचा कान कापून घेतला ही गोष्ट अनेकींनी ऐकली असेल. १८८९ साली त्याने कानाला पट्टी बांधलेलं स्वतःचं चित्र काढलं. चित्रात पट्टी उजव्या कानावर दिसते. जखम होती डाव्या कानाला. आरशात दिसलं तसं त्याने काढलं. त्याने अशी पस्तीसेक आत्मचित्रं काढली, बहुतेक पॅरिसमध्ये राहत असताना, आणि त्याचं कारण ऐकलं तर आपल्याला फार जवळचं वाटेल. समोर बसायला माणूस आणायचा तर त्याला पैसे द्यावे लागत, आणि ते त्याच्याकडे नव्हते. स्वतःचा चेहरा मात्र फुकट.

पण सगळेच काही आरशात दिसलं तसं काढत नाहीत. चित्रकार ठरवतो. कपडे कोणते घालायचे, मान कुठे वळवायची, बघायचं कुणाकडे, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं, हातात काय धरायचं. आज हे हातांचंच बघूया.

जर्मनीत न्युरेंबर्ग गावी आल्ब्रेख्त ड्यूरर नावाचा चित्रकार होता. बाप सोनार. १४९८ साली, सव्वीस वर्षांचा असताना त्याने स्वतःचं चित्र काढलं. ते आता स्पेनमध्ये माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. लांब कुरळे केस, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची टोपी, उंची कपडे, मागे खिडकीतून डोंगर दिसतात. आणि हातात काय? हातमोजे. चक्क कातडी हातमोजे घालून हाताची घडी. ब्रश नाही, रंग नाही. ज्या हातांनी चित्र काढलं तेच हात झाकून टाकले. असं का केलं असेल? त्याच्या गावात चित्रकाराची गणती कारागिरात होत होती, जशी सुताराची, लोहाराची. त्याला मोठ्या माणसांच्या पंगतीत बसायचं होतं. पुढे तो इटलीत व्हेनिसला गेला तेव्हा तिथून त्याने मित्राला पत्रात कळवलं, की इथे मला साहेबासारखं वागवतात आणि घरी मात्र मी आयतखाऊ ठरतो. कष्टाचा हात दाखवला की मान कमी होतो, हे त्याला पक्कं माहीत होतं. तुम्हा-आम्हालाही माहीत आहे. लग्नाला जाताना आपण नखातली हळद घासून काढतोच ना!

आता दुसरा, रेम्ब्राँ. हाही हॉलंडचाच. तरुणपणापासून मरेपर्यंत, म्हणजे १६६९ पर्यंत, तो स्वतःला काढत राहिला. रंगातली, कागदावर छापलेली, रेखाटलेली अशी सगळी मिळून ऐंशीच्या आसपास आत्मचित्रं. त्याचं एक चित्र आम्हाला विशेष वाटतं, कारण त्यामागे कर्जाची गोष्ट आहे. १६५६ साली रेम्ब्राँचं दिवाळं निघालं. घरातल्या वस्तूंची यादी झाली, लिलाव झाला. वसुलीची माणसं दारात आली की काय होतं ते आपल्यातल्या काहींनी गट होण्याआधी सोसलेलं आहे. आणि दोन वर्षांनी, १६५८ साली, या माणसाने स्वतःचं मोठं चित्र काढलं. सोन्यासारखा पिवळा झगा, हातात काठी राजदंडासारखी धरलेली, समोर तोंड करून सिंहासनावर बसल्यासारखा बसलाय. आम्हाला यात थोडा तोरा दिसतो. पण तो तोरा समजतोही. पुढे काही वर्षांनी, उतारवयात काढलेल्या एका चित्रात मात्र डोक्याला साधी पांढरी टोपी आहे, आणि हातात रंगाची पाटी, ब्रश. ते चित्र लंडनला आहे. क्ष-किरणांनी तपासल्यावर कळलं, की आधी त्याने आरशात दिसेल तसे उलट्या बाजूला हात काढले होते, मग बदलले.

हे झाले पुरुष. आता बायकांकडे येतो, कारण बायकांची गोष्ट इथे वेगळी होते.

१५४८ साल. अँटवर्प शहर, आजच्या बेल्जियममध्ये. कातारीना व्हान हेमेसेन नावाची वीस वर्षांची मुलगी. वडील चित्रकार, त्यांच्याच हाताखाली शिकलेली. तिचं चित्र तसं लहानसंच, आपल्या हजेरीपटाच्या पानापेक्षा थोडं मोठं. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात मखमली बाह्यांचा पोशाख. समोर चित्र टेकवायची लाकडी चौकट, तिला इझल म्हणतात. एका हातात ब्रश. दुसऱ्या हातात रंगाची पाटी आणि आणखी ब्रश. चित्राला सुरुवात नुकतीच झालेली, फक्त एक डोकं काढून झालंय. हसत नाही, लाजतही नाही. आणि बाजूला लॅटिन भाषेत लिहिलंय, त्याचा अर्थ असा, की मी कातारीना व्हान हेमेसेन, मी स्वतःला रंगवलं, साल १५४८, वय वीस. इझलपुढे बसून प्रत्यक्ष काम करताना स्वतःला दाखवणारी जी अगदी सुरुवातीची चित्रं आज उरली आहेत, त्यांत हे चित्र मोडतं. स्वित्झर्लंडमध्ये बाझेल गावी आहे ते.

बघा, ड्यूररने हात झाकले आणि या पोरीने ब्रशसकट दाखवले. वर नाव लिहिलं, वय लिहिलं, साल लिहिलं. आपल्या ठरावाच्या वहीत लिहितो तसं. ड्यूररच्या चित्राकडे बघून कुणी विचारत नव्हतं, की हे तुम्हीच काढलं का. कातारीनाला विचारणार होते. वडील चित्रकार म्हटल्यावर तर नक्कीच. म्हणून तिला लिहावं लागलं, ‘मी’.

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. जिल्ह्याच्या प्रदर्शनात आम्ही गोधड्या मांडल्या होत्या तेव्हा दिवसातून वीस वेळा तो ऐकला. हे तुम्हीच शिवलं का? मशीनवरचं आहे का? कुठून आणता? आमच्या एका काकूंनी शेवटी वैतागून सुई-दोरा काढला आणि स्टॉलवरच बसून टाके घालायला लागल्या. मग लोक थांबून बघायला लागले, गोधड्याही खपल्या.

कातारीनानंतर थोड्याच वर्षांनी इटलीत क्रेमोना गावी सोफोनिस्बा अँग्विसोला होऊन गेली. बऱ्या घरातली, घरात बहिणीच बहिणी. वडिलांनी मुलींना चित्रकला शिकवली, सोफोनिस्बाला तर गुरूकडे पाठवलं, आणि तिची चित्रं ओळखीपाळखीच्या मोठ्या लोकांना पाठवत राहिले. एवढ्या घरच्या मुलीने पैसे घेऊन चित्र काढायचं नाही अशी रीत. मग स्वतःचंच चित्र काढून भेट पाठवायचं. आपण नव्या दुकानदाराला चटणीची पुडी सॅम्पल म्हणून देतो ना, तसं ते सॅम्पल. एका इटालियन कवीने तिच्या वडिलांना लिहिलं, की मला तिचं आत्मचित्रच हवं, म्हणजे एकाच वेळी दोन नवलं लोकांना दाखवता येतील, एक चित्र आणि दुसरी ती बाई. यात कौतुक आहे. पण जत्रेत दोन तोंडांचं वासरू बघायला जातात, तसलंही काहीतरी आहे. तिला हे कळत असणार. म्हणून की काय, तिच्या तरुणपणच्या बहुतेक आत्मचित्रांत ती अगदी साध्या काळ्या कपड्यांत आहे, केस बांधलेले, दागिना नाही. नजर थेट आपल्याकडे.

तिचं एक चित्र मात्र खट्याळ आहे. इटलीत सिएना गावी ते आहे. त्यात तिचे गुरू बर्नार्दिनो काम्पी इझलपुढे उभे आहेत आणि सोफोनिस्बाचं चित्र रंगवताहेत. म्हणजे चित्रात गुरू तिला काढताहेत, आणि तिला आणि गुरूंना दोघांनाही काढलंय तिने! वर ती गुरूंपेक्षा मोठी, उजेडात, मधोमध. गुरू बाजूला, अंधारात, मान वळवून बघणारे. कुणी म्हणतं हा गुरूला नमस्कार आहे, कुणी म्हणतं टोमणा आहे. आम्हाला वाटतं दोन्ही असेल. सासूबाईंनी शिकवलेली पुरणपोळी सासूबाईंपेक्षा चांगली झाली की सून काय म्हणते? “तुमच्याच हाताखाली शिकले.” तसंच ते.

पुढे तिला स्पेनच्या राणीकडे दरबारात नेमलं. खूप जगली. १६२४ साली, ती नव्वदीच्या घरात असताना, व्हॅन डाइक नावाचा मोठा चित्रकार मुद्दाम तिला भेटायला गेला आणि त्याने आपल्या वहीत तिचं रेखाटन केलं.

आता जिच्यासाठी आज बोलायला बसलो तिच्याकडे येतो. आर्टेमिसिया जेंटिलेस्की. जन्म रोम, १५९३. आई लहानपणी गेली, वडील चित्रकार, त्यांच्या कामाच्या जागेतच ती शिकली. सतरा-अठरा वर्षांची असताना वडिलांच्या ओळखीच्या एका चित्रकाराने तिच्यावर अत्याचार केला. वडिलांनी १६१२ मध्ये खटला भरला. कोर्टात आर्टेमिसियाचीच परीक्षा झाली. बोटांना दोऱ्या गुंडाळून त्या आवळल्या, का, तर ती खरं बोलते की नाही हे बघायला. चित्रकार मुलीची बोटं, बायांनो! तरी ती आपल्या शब्दावरून हलली नाही. त्या माणसाला दोषी ठरवलं, पण शिक्षा धड कधी भोगायला लागली नाही. आर्टेमिसियाचं लग्न झालं, ती फ्लॉरेन्सला गेली, आणि १६१६ साली तिथल्या चित्रकारांच्या अकादमीत तिचं नाव दाखल झालं. त्या अकादमीतली ती पहिली बाई.

आता तिचं चित्र सांगतो. हे तिने पुढे, वयाच्या पंचेचाळिशीच्या सुमारास, १६३८-३९ मध्ये काढलं. त्याचं नाव ‘चित्रकला’. आपल्याकडे विद्येची देवी सरस्वती, तिच्या हातात वीणा, पुस्तक. धनाची लक्ष्मी, तिच्या हातात कमळ. तशी तिकडेही प्रत्येक विद्येची एक बाई कल्पिलेली होती, आणि ती कशी काढायची याचं पुस्तकच होतं. रीपा नावाच्या लेखकाचं. चित्रकला ही बाई कशी दाखवायची? काळे केस विस्कटलेले, गळ्यात सोन्याची साखळी, साखळीला मुखवट्याचं लटकन, रंग पालटणाऱ्या कापडाचा पोशाख. आणि तोंडावर फडकं बांधलेलं. कारण चित्र बोलत नाही.

त्या काळच्या चित्रकार पुरुषांना चित्रकला अशी बाईच्या रूपात काढायची म्हणजे दुसरी कुणी बाई समोर बसवावी लागे. आर्टेमिसियाने स्वतःलाच त्या रूपात काढलं. हे तिचंच रूप, असं बहुतेक जाणकार मानतात. केस विस्कटलेले आहेत. साखळी आहे, मुखवटा आहे. हिरवट चमकदार पोशाख आहे, त्यावर तपकिरी ॲप्रन आहे. बाह्या मागे सारलेल्या. एक हात वर उंच कॅनव्हासकडे गेलेला, ब्रश त्या हातात. दुसऱ्या हातात रंगाची पाटी. अंग पुढे झुकलेलं, चेहऱ्यावर उजेड. ती आपल्याकडे बघतच नाही. तिचं लक्ष कामात. आपण आलो काय, गेलो काय. अशा बाजूने स्वतःला बघायचं तर एका आरशात भागत नाही, दोन आरसे लावावे लागले असणार असं म्हणतात.

आणि तोंडावरचं फडकं? ते नाही. पुस्तकातलं बाकी जवळपास सगळं तिने घेतलं आणि ते तेवढं सोडलं. का सोडलं ते तिने कुठे लिहून ठेवलेलं आम्हाला वाचायला मिळालं नाही. पण जिच्या बोटांना दोऱ्या आवळल्या आणि तरी जिने कोर्टात साक्ष दिली, ती स्वतःच्या तोंडाला स्वतःच्या हाताने फडकं बांधील का, हे तुम्हीच ठरवा. हे चित्र इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे.

आर्टेमिसियाच्याच काळात हॉलंडमध्ये युडिथ लाइस्टर होती. तिचं आत्मचित्र १६३० च्या सुमाराचं, आता अमेरिकेत वॉशिंग्टनला आहे. खुर्चीत मागे रेलून आपल्याकडे वळलीय, तोंड किंचित उघडं, आत्ता काहीतरी बोलेल अशी. हातात मूठभर ब्रश. पण गळ्याला केवढी थोरली पांढरी कॉलर! ती घालून तैलरंगात कुणी काम करत नाही. कातारीनाची मखमलही तसलीच. म्हणजे या बायांनी ठेवणीतला पोशाख घातला आणि हातात मात्र हत्यार धरलं. युडिथची चित्रं नंतर दोनअडीचशे वर्षं दुसऱ्या एका पुरुष चित्रकाराची, फ्रान्स हाल्सची, म्हणून विकली गेली. १८९३ साली एका अभ्यासकाला अशा एका चित्रावर तिची खूण सापडली, जे आणि ल ही अक्षरं जोडलेली आणि त्याला लागून चांदणी. तिच्या आडनावाचा अर्थ ध्रुवतारा. तेव्हा कुठे ती पुन्हा लोकांना कळली.

पोशाखाचं एवढं का सांगतोय, तर आपल्या संघाचं नवं लेबल छापायचं आहे. चटणी, पापड, शेवया, गोधड्या, सगळ्यांवर एकच लेबल, आणि त्यावर गटातल्या बायांचा फोटो हवा असं बैठकीत ठरलं. इथवर एकमत. फोटो कसला यावर मात्र दोन बैठका गेल्या. थोरल्या बाया म्हणतात, पैठणी, नथ, सगळं घालून काढा. कामाच्या कपड्यात दळिद्री दिसतं. पोरी म्हणतात, ॲप्रन, डोक्याला टोपी, पिठाचे हात, तेच खरं. एक सूचना अशीही आली की इंटरनेटवरून एखादी सुंदर बाई घ्या, आपल्यात कोण एवढी बघण्यासारखी आहे! त्या सूचनेवर हशा पिकला, पण ती गमतीने केलेली नव्हती, हे आम्हाला कळलं.

मागच्या फोटोचंही सांगायला हवं. एका फोटोवाल्याकडून आम्ही गटाचा फोटो काढून घेतला होता. फोटो आला तेव्हा आम्ही सगळ्या एकाच रंगाच्या, दुधात बुडवून काढल्यासारख्या. आमच्यातल्या एका मावशींच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण आहे, लहानपणी आईने गोंदवून घेतलेलं. ते फोटोत गायब. फोटोवाला म्हणाला, डाग होते ते काढले. मावशी फोटो लांब धरून म्हणाल्या, “ही कोण? माझ्या पुतणीसारखी दिसतेय.” सगळ्या हसल्या. मावशीही हसल्या, पण तो फोटो त्यांनी घरी नेला नाही.

म्हणून फ्रिडा काहलोबद्दल सांगतो. मेक्सिको देशातली, जन्म १९०७. वडील फोटोग्राफर. सहाव्या वर्षी पोलिओ झाला, एक पाय बारीक राहिला. १९२५ साली ती बसमध्ये असताना बसला ट्रामची धडक बसली. पाठीचा कणा, कंबरेचं हाड, पाय मोडले. महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळली. आईने पडल्या पडल्या चित्र काढता येईल असं इझल करून घेतलं, आणि पलंगाच्या छताला आरसा लावला. वर बघितलं की आपणच. तिची दीडशेच्या आत चित्रं आहेत, त्यांतली पन्नासच्या वर तिची स्वतःची. तिच्या भुवया मधोमध जुळलेल्या होत्या, वरच्या ओठावर बारीक लव होती. हे तिने लपवलं नाही, उलट रंगवताना ठळक केलं. अंगात तेउआन्तेपेक भागातल्या बायांचा पोशाख, लांब परकर, केसांत फुलं. त्या परकराखाली बारीक पायही झाकला जायचा. दाखवायचं काय आणि झाकायचं काय हे दोन्ही तिने ठरवलं, फोटोवाल्याने नाही. नवऱ्याशी घटस्फोट झाल्यावर, १९४० साली काढलेल्या चित्रात ती पुरुषाच्या ढगळ सुटात खुर्चीवर बसलीय, कापलेले केस जमिनीवर सगळीकडे पसरलेत, आणि हातात कात्री.

फोटोग्राफर बापाची लेक आपल्याकडेही होती, अमृता शेरगिल. बाप शीख सरदार, आई हंगेरीची, जन्म १९१३ मध्ये बुडापेस्टला. वडील उमरावसिंग स्वतःचे फोटो स्वतःच काढायचे, घरातल्यांचेही. अमृता पॅरिसला चित्रकला शिकली आणि तिथे तिने स्वतःला कितीतरी वेळा काढलं. कधी हसरी, कधी खिन्न, कधी युरोपातल्या पोशाखात. १९३४ साली तर ताहितीच्या बाईच्या रूपात. त्या बेटावरच्या बाया गोगँ या फ्रेंच चित्रकाराने काढून जगभर गाजवल्या होत्या. त्याने दुसऱ्यांना काढलं, हिने त्या जागी स्वतःला उभं केलं. मी नक्की कुठली, हा प्रश्न त्या सगळ्या चित्रांत दिसतो. त्याच वर्षी ती भारतात परतली, साड्या नेसायला लागली. आणि मग तिच्या चित्रांतून तिचा स्वतःचा चेहरा कमी होत गेला, खेड्यातल्या बाया आल्या. तिच्या ‘तीन मुली’ या चित्राला १९३७ मध्ये मुंबईच्या बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. त्याच्या थोडं आधी ती अजिंठा-वेरूळ बघून गेली होती, आणि त्या भिंतींवरच्या चित्रांनी तिचं काम पालटलं. १९४१ साली लाहोरला ती वारली तेव्हा अवघी अठ्ठावीस वर्षांची होती.

‘तीन मुली’ची छापील प्रत आम्ही गटात दाखवली. तिघी खाली बघत गप्प बसल्यात. आमची एक जण म्हणाली, “आम्ही एवढ्या गप्प कधी बसतो गं?” आम्हालाही तसंच वाटलं. चित्र फार सुंदर आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण तिने स्वतःला काढलं तेव्हा हसूही काढलं, आणि खेड्यातल्या बायांना काढलं तेव्हा त्यांचं हसू फारसं काढलं नाही. स्वतःला आपण आतून ओळखतो, दुसऱ्याला बाहेरून, म्हणून असं होत असेल.

हसण्यावरून आठवलं. फ्रान्सच्या राणीची चित्रकार व्हिजे लब्रां हिने १७८७ साली लेकीला कुशीत घेतलेलं स्वतःचं चित्र प्रदर्शनात मांडलं, त्यात ओठ जरा उघडे आणि दात दिसतात. तेवढ्यावरून बोभाटा झाला होता. फोटो काढताना “दात मिट” म्हणणाऱ्या आत्याबाई सगळीकडेच.

तिच्याच बरोबरीची, त्याच पॅरिसमधली अदेलाईद लाबिय-गियार. दोघींना राजाच्या चित्रकला अकादमीत १७८३ साली एकाच दिवशी घेतलं. त्या अकादमीत एका वेळी चारच बायका असाव्यात असा नियम होता. चार! दोन वर्षांनी, १७८५ मध्ये, अदेलाईदने पुरुषभर उंचीहून मोठं आत्मचित्र प्रदर्शनात लावलं. निळा झुळझुळीत रेशमी पोशाख, डोक्यावर पिसांची हॅट, हातात पाटी आणि ब्रश. पण ती एकटी नाही. तिच्या खुर्चीमागे खेटून दोन तरुण मुली उभ्या आहेत, तिच्या शिष्या. एकीची नजर बाईंच्या कॅनव्हासवर आहे. तो कॅनव्हास आपल्याला मागूनच दिसतो, त्यावर काय चाललंय ते फक्त त्या तिघींना ठाऊक. स्वतःचंच चित्र काढायचं तर या दोघींना कशाला घेतलं? चारच बायका म्हणणाऱ्यांना तिने दाखवलं, की मागे रांग लागलीय. १७९० साली तिने अकादमीच्या सभेत ही चारची अट काढा असा प्रस्तावही मांडला. शिष्यांपैकी एक मारी गाब्रिएल कापे, ती पुढे स्वतः नावाजलेली चित्रकार झाली आणि बाईंच्या अखेरपर्यंत त्यांच्याजवळ राहिली. हे चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात आहे.

आज नावं घेतली त्यांतल्या सात चित्रांच्या छापील प्रती आम्ही संघाच्या कार्यालयात, पाण्याच्या माठाच्या वरच्या भिंतीवर लावल्या आहेत. शुक्रवारी तीन वाजता लेबलची बैठक आहे, त्याआधी येऊन बघून जा. फोटो या वेळी आमच्यातलीच एक जण मोबाइलवर काढणार आहे, आणि चेहरे उजळायचं बटण दाबायचं नाही असं तिला बजावलं आहे. पैठणीवाल्यांनी पैठणी आणा, ॲप्रनवाल्यांनी ॲप्रन आणा, दोन्ही तऱ्हेने काढून बघू. येताना प्रत्येकीने आपलं रोजचं काहीतरी हातात घेऊन या, लाटणं, सुई, उलथनं, हिशोबाची वही, जे असेल ते. गोंदणवाल्या मावशींनी पहिल्या रांगेत बसायचं कबूल केलं आहे.

पुढच्या मंगळवारी याच वेळेला गटाच्या विम्याबद्दल बोलू. नमस्कार.